रिफिल रिमाइंडरचं सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनी: सगळं अडतं एका रकान्यात

औषध संपत आलं की गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर आठवण धाडणारं हे सॉफ्टवेअर आमच्या मेडिकलात आहे. थायरॉईडच्या 100 गोळ्यांची बाटली आज विकली आणि उद्या गिऱ्हाइकाला मेसेज: 'आपलं औषध संपत आलं आहे.' बिलात नग 1, डोस रोज 1, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबाने औषध एका दिवसाचं! आयटम मास्टरमधला (सॉफ्टवेअरमधली औषधांची यादी) 'पॅक साइज' रकाना, म्हणजे एका पॅकमध्ये किती गोळ्या, रिकामा असला की बाटली 1 आणि स्ट्रिप 10 गोळ्यांची धरली जाते. आणि रकाना रिकामाच येतो. वर्षाचे पैसे आगाऊ घेताना हे कुणी सांगत नाही. हेल्पलाइनचं एकच उत्तर, 'सर, मास्टर अपडेट करा.'

मेटफॉर्मिनची 15 ची स्ट्रिप घ्या. दिवसाला दोन गोळ्या, चार स्ट्रिप, म्हणजे 60 गोळ्या, 30 दिवस. हे सॉफ्टवेअर 40 धरून 20 दिवस मोजतं आणि पाच दिवस आधी, म्हणजे पंधराव्या दिवशी, आठवण धाडतं. घरात दोन स्ट्रिप अख्ख्या पडलेल्या. माणूस वैतागून नंबर ब्लॉक करतो. ब्लॉक वाढले की व्हॉट्सॲपवर नंबरची क्वालिटी घसरते, मग कामाचे मेसेजही अडतात.

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझे याला दोन स्टार होते. रकाना भरल्यावर साडेतीन. पण सगळा मास्टर भरत बसू नका. बीपी, शुगर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल एवढेच आयटम एक्सेलमध्ये काढा, आकडा स्ट्रिपवर वाचून टाका (एकच औषध एका कंपनीचं 10 चं, दुसरीचं 15 चं असतं) आणि परत इम्पोर्ट करा. इन्सुलिनच्या 3 मिलीच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट. रोज एकदा 20 घेणाऱ्याला 15 दिवस धरू नका. टोचण्याआधी इन्सुलिनचं पेन तपासताना दर वेळी 2 युनिट जातात, म्हणून 13 धरा. अँटिबायोटिकची आठवण बंदच ठेवा. पाच दिवसांच्या कोर्सला 'पुन्हा मागवा' म्हणणं हा शुद्ध मूर्खपणा.

आठवणीच्या मेसेजमध्ये '10% सूट' घुसवू नका. व्हॉट्सॲपवर टेम्प्लेट (ठरलेला मेसेज) युटिलिटीतून, म्हणजे सेवेच्या वर्गातून, मार्केटिंगमध्ये, म्हणजे जाहिरातीत, जातं आणि दर कित्येक पट होतो. आजाराचं नावही नको. पंचवटीतल्या आईचं औषध पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर असतं, आणि तो फोन कोण बघेल सांगता येत नाही. संमती बिलाच्या वेळीच विचारून घ्या. गिऱ्हाइकाने 'पाठवा' लिहिलं की पुढचे 24 तास साधे मेसेज फुकट. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो तेव्हाच मागून घ्यावा. फार्मासिस्टने चिठ्ठी बघितल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकणार नाही, असं सेटिंग आहे. ते मात्र झकास.

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीकडची गिऱ्हाइकं औषध संपल्यावर नाही, पगार झाल्यावर घेतात. 28 तारखेची आठवण वाया जाते; 7 ते 10 ला ढकलली की ऑर्डर येते.

उरलं ते लूजचं. 15 च्या स्ट्रिपमधून 6 गोळ्या कापून दिल्या की बिलात 0.4 पडतं आणि आठवण जातच नाही. हेल्पलाइनकडे तक्रारीचं तिकीट अजून 'ओपन'. तोवर लूजवाल्यांसाठी काउंटरवर जुनी वही.