काळोखातला फोटो: मॅट कॉटनवर छापावा की बॅराइटावर?

पहाटे पाचच्या सुमारास ससून डॉकवर काढलेला एक कृष्णधवल फोटो आहे माझ्याकडे. एकच दिवा, ओली फरशी आणि डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी कोळीण. स्क्रीनवर तिच्या गडद लुगड्याची चुणीन् चुणी दिसते. तीच फाइल मी ए३ आकारात दोन कागदांवर छापून घेतली. मॅट कॉटनवर, म्हणजे चमक नसलेल्या कापसाच्या कागदावर, लुगडं आणि मागची भिंत एकमेकांत विरघळून गेली. बॅराइटा या चमक असलेल्या कागदावर चुण्या सुट्या राहिल्या.

असं का होतं? मॅट कागदांत हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग सगळ्यांच्या ओळखीचा: 308 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), शंभर टक्के कापूस. त्याचा निस्तेज पृष्ठभाग उजेड चहूकडे विखुरतो. त्यामुळे त्यावरचं गडदातलं गडद काळंही साधारण 1.6 ते 1.7 घनतेवर (घनता म्हणजे काळेपणाचं माप) थांबतं, म्हणजे पडलेल्या उजेडातला दोन-अडीच टक्के परत येतोच. बॅराइटात शाईच्या थराखाली बेरियम सल्फेटचा लेप असतो, जुन्या डार्करूमच्या फायबर कागदासारखा. कॅन्सनचा 310 जीएसएमचा किंवा हानेम्यूलेचा 315 चा बॅराइटा घेतलात तर घनता 2.2 च्या वर जाते आणि परतणारा उजेड अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. उजळ फोटोत हा फरक फारसा जाणवत नाही. पण ज्या फोटोचा जीवच सावलीत आहे, त्याला हीच जागा हवी असते.

मॅटवर सावल्या उघडता येत नाहीत असं नाही. लॅबकडून त्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात याची फाइल) मागून घ्या, सॉफ्ट प्रूफ लावून छापील रूप स्क्रीनवरच बघा, फाइलमधलं काळं कागदाच्या काळ्याशी जुळवणारं ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू ठेवा आणि उजेड-अंधार बदलणाऱ्या कर्व्हचा फक्त खालचा, म्हणजे सावल्यांचा, भाग थोडा उचला. मी तसं करून दुसरी प्रत काढली. चुण्या दिसू लागल्या, पण दिव्याची धार गेली. रात्र उजाडल्यासारखी वाटली. त्या फोटोसाठी माझा कौल बॅराइटालाच.

मरीन ड्राइव्हचा भर पावसातला फोटो मात्र मी मॅटवरच ठेवला. त्यात लपलेलं काही नाही; राखाडी धुकट आभाळ आणि कठड्यावर बसलेल्या माणसाची काळी आकृती, एवढंच. कापसाच्या कागदावर ते आभाळ ओलं वाटतं. बॅराइटावर तोच फोटो तिरका धरला की वर चकाकी येते आणि पाऊस नाहीसा होतो.

आता फोटो टांगणार कुठे, हे विचारात घ्या. मुंबईतल्या घरांत रिकामी भिंत बहुतेक वेळा खिडकीसमोरच सापडते. फ्रेमची साधी काच समोरून येणारा सुमारे आठ टक्के उजेड परत फेकते. त्यापुढे अडीच टक्के आणि अर्धा टक्का यांतला फरक जवळजवळ बुडून जातो. बॅराइटाचा फायदा अशा भिंतीवर वाया जातो. एक तर परावर्तनरोधक काच लावा, नाहीतर मॅट घ्या. फोटो पेटीत ठेवून हातात घेऊन बघायचे असतील, तर बॅराइटाला तोड नाही.

मॅटचा एक त्रास आधीच सांगतो. त्याच्या काळ्यावर नख लागलं तरी पांढुरका ओरखडा उठतो, आणि छापण्याआधी कागद मऊ ब्रशने झटकला नाही तर कापसाचा तंतू निघून काळ्यात पांढरा ठिपका पडतो. गडद फोटोत असा एक ठिपका पूर्ण प्रत बाद करतो. बॅराइटावरही ओरखडे पडतातच, पण बोट लागलं म्हणून लगेच नाही.

कागद कोणताही निवडा, आधी स्क्रीनचा उजेड उतरवा. चौरस मीटरला 80 ते 100 कँडेला (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) पुरे. माझी पहिली प्रत चिखलासारखी आली होती ती स्क्रीन फार प्रखर असल्यामुळे. कागदाला उगाच बोल लावला. मग शुद्ध काळ्यापासून (0 ते 255 च्या मापावर) चार-चार पायऱ्यांनी उजळत जाणारी पट्टी त्याच कागदावर छापून मागा आणि पहिला वेगळा दिसणारा चौकोन कोणता ते घरच्या उजेडात बघा. तुमच्या फोटोतल्या महत्त्वाच्या सावल्या त्याच्या वर असायला हव्यात.

जुलै-ऑगस्टमध्ये छापत असाल तर कागद छपाईच्या वेळीच पाकिटातून काढायला सांगा. प्रत निदान चोवीस तास मोकळी वाळू द्या, आणि फ्रेममध्ये माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून काच कागदापासून दूर ठेवा. त्या हवेत काचेला टेकलेला फोटो तिला चिकटून बसतो.