यलोबर्ड की कोब्रा? असेटो कोर्सामध्ये द्वाड गाडीवर हात बसवायचा असेल तर

जीटी३ वर्गाच्या रेसिंग गाड्या चालवून कंटाळा आलाय, ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएसची बटणं बंद करायचा धीर आलाय आणि आता काहीतरी अंगावर येणारं चालवायचंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. असेटो कोर्सा ही गाड्या चालवायची सिम्युलेशन गेम, म्हणजे जुनीच, २०१४ वाली. त्यात अशा वेळी दोन नावं हमखास पुढे येतात, रुफ सीटीआर यलोबर्ड आणि शेल्बी कोब्रा ४२७. दोन्हींमध्ये इलेक्ट्रॉनिक मदत शून्य, त्यामुळे गेममधल्या असिस्टच्या (चालवायला मदतीच्या) पानावर फॅक्टरी सेटिंग ठेवलं तरी उपयोग नाही, फॅक्टरीनेच काही दिलेलं नाहीये. आणि दोन्ही गाड्या तुम्हाला गवतात फेकणार हे नक्की. प्रश्न एवढाच की कुठलीच्या हातून फेकून घ्यायचं.

कागदावर दोघींत मजेशीर साम्य आहे. यलोबर्ड म्हणजे १९८७ ची पोर्श ९११, बव्हेरियातल्या पफाफेनहाउझेन गावातल्या आलोइस रुफने बांधलेली, ३.४ लिटर, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे), ४६९ हॉर्सपॉवर. कोब्रा १९६५ च्या आसपासची, ७ लिटरचं फोर्डचं व्ही८, ४८५ च्या घरात पॉवर, टर्बो वगैरे काही नाही, चारच गिअर. एकीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २२७२ मिमी, दुसरीचा २२८६. म्हणजे १४ मिमीचा फरक, दोन बोटं पण नाही. दोन्ही आखूड, दोन्ही हलक्या, दोन्हींची पॉवर मागच्या चाकांना. तरी चालवायला जमीनअस्मानाचा फरक, आणि तो सगळा इंजिन कुठे ठेवलंय आणि पॉवर कशी येते यातून येतो.

आधी यलोबर्ड, कारण नव्वद टक्के लोक मनातून तीच घ्यायला आलेले असतात. आणि का नाही येणार? फोक्सवॅगनच्या एरा-लेसीन ट्रॅकवर १९८७ मध्ये एका अमेरिकन मासिकाच्या टेस्टमध्ये हिने ताशी ३३९ किमी गाठले, फेरारी-लॅम्बोर्गिनी मागे टाकून. रुफचा टेस्ट ड्रायव्हर श्टेफान रोझर हिला जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवर आडवी करत नेतो तो व्हिडिओ बघितला नसेल असा माणूस सिम रेसिंगमध्ये सापडणं अवघड. शिवाय आपल्या पिढीची हिच्याशी जुनी ओळख, पोर्शचं लायसन्स वर्षानुवर्षं ईए या गेम कंपनीकडे अडकलेलं होतं, त्यामुळे ग्रान टुरिझमोसारख्या गेममध्ये ९११ हवी तर रुफच घ्यावी लागायची. पीएसटूवर ग्रान टुरिझमो ४ खेळलेल्यांना पिवळी गाडी आठवत असेल.

हिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकतंय. त्याचा फायदा असा की सरळ रेषेत थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दिला की मागच्या टायरवर वजनच वजन, गाडी जमिनीला चिकटून निघते, कोब्रासारखं जागच्या जागी धूर काढत बसत नाही. तोटा सगळ्यांना तोंडपाठ आहे, वळणात थ्रॉटल सोडायचा नाही. पण तोंडपाठ असणं वेगळं आणि पायाला कळणं वेगळं. आपल्याकडे घराघरात ज्या गाड्या आहेत त्या बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह, घाटात वळण अपेक्षेपेक्षा जास्त वळलं तर आपण ॲक्सिलरेटर सोडतो, नाक आत येतं, काम झालं. तीच सवय घेऊन तुम्ही नॉर्डश्लाइफवर श्वेडनक्रॉइट्स वळणाला जाता, दोनशेच्या वर स्पीड, डावीकडचं लांब वळण आणि मधे उंचवटा, समोर काही दिसत नाही, पाय आपोआप थोडासा उचलला जातो. थोडासाच. वजन पुढे जातं, मागचं हलकं होतं, आणि ते मागे लटकवलेलं इंजिन म्हणतं आता मी पुढे. मग काउंटर स्टिअर (मागचं सरकतंय त्या बाजूला स्टिअरिंग फिरवणं) कितीही करा, तुम्ही उलटे तोंड करून पुढच्या आरेमबर्ग वळणाच्या दिशेने निघालेले असता.

उपाय आहे, आणि तो अवघडही नाही. ब्रेकिंग सगळं सरळ रेषेत उरकायचं, वळणात वाटतं त्यापेक्षा हळू शिरायचं, आणि शिरल्या शिरल्या थ्रॉटलवर पाय ठेवायचा, वेग वाढवण्यासाठी नाही, मागचं खाली दाबून ठेवण्यासाठी. पंधरा-वीस टक्के पुरे. आणि उंचवट्याच्या आधीच काय ते उचलायचं, वर गेल्यावर नाही. एवढं जमलं की ९११ चा अर्धा स्वभाव कळला. खरं सांगायचं तर यात मला कधी राग आला नाही, हा प्रामाणिक दुष्टपणा आहे, चूक केली की शिक्षा.

माझं बिनसलं ते टर्बोवरून.

इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकचा छोटा इंडी लेआउट घ्या, शिकायला तो सगळ्यात बरा, लॅप लगेच संपतो. पॅडॉक हिल उतरून वर चढलात की ड्रुइड्स, उजवीकडे पूर्ण यू टर्न, आणि त्याच्यानंतर लगेच उतार आणि डावीकडे ग्रॅहम हिल बेंड. यलोबर्ड घेऊन ड्रुइड्सच्या एपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला) तुम्ही थ्रॉटल दाबता. काही नाही. अजून थोडा दाबता. काहीच नाही, इंजिन नुसतं हूं हूं करतंय. हे म्हणजे बाथरूममधल्या गॅस गीझरसारखं आहे, नळ उघडा, गारच पाणी, अजून उघडा, गारच, आणि मग एकदम चटका. तो चटका बसतो तेव्हा तुम्ही ड्रुइड्समधून बाहेर पडून उतारावर असता, मागचं तसंही हलकं झालंय, आणि हात डावीकडे वळायला सुरुवात करतायत. गाडी फिरते. आता मला सांगा, चूक कुठे झाली? तुम्हाला वाटतं उतारावर झाली, कारण फिरली तिथे. खरी चूक मागच्या वळणाच्या एपेक्सला झाली, पायाने वीस टक्के जास्त मागितलं तिथे. पण शिक्षा इतकी उशिरा आली की पायाला कळतच नाही ही कशाबद्दलची.

आणि यावर एक चक्र सुरू होतं. घाबरून तुम्ही पुढच्या लॅपला बाहेर पडताना थ्रॉटल जरा कमी करता, बूस्ट (टर्बोचा दाब) पडतो, परत दाबता, परत वाट बघा, परत चटका, फक्त दहा मीटर पुढे. दर वेळी वेगळ्या जागी फिरल्यामुळे असं वाटायला लागतं की गाडीच लहरी आहे. ती लहरी नाहीये, तिचं टायमिंग पक्कं आहे, पण ते कळायला आधी तुमचा स्वतःचा पाय दर लॅपला सारखा पडायला हवा, आणि तो पडत नाही म्हणून तर आपण शिकायला आलोय ना राव. मला हेच पटलं नाही. बाकी सगळं आवडलं, आवाज, रंग, सरळ रस्त्यावरचा तो मार, पण शिकणाऱ्या माणसाला उत्तर लगेच मिळायला पाहिजे असं माझं आपलं मत.

सुटका म्हणायची तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एक गिअर वरचा ठेवायचा, सेकंडच्या जागी थर्ड, मग आरपीएम खाली राहतात, बूस्ट उशिरा आणि मवाळ येतो आणि गाडी साध्या जुन्या ९११ सारखी चालते. शिकायला ठीक, पण मग यलोबर्ड घेतली कशाला हा प्रश्न उरतो. दुसरा रस्ता जाणकारांचा, आरपीएम पडूच द्यायचे नाहीत आणि थ्रॉटल एपेक्सच्या आधीच मागायचा, म्हणजे पॉवर येईपर्यंत चाकं सरळ झालेली असतात. हे जमलं की गाडी अक्षरशः उडते आणि कोब्रा आरशात पण दिसत नाही. जमायला मात्र वेळ लागतो, आणि ट्रॅक पाठ असावा लागतो, कारण तुम्ही आत्ताचं नाही, पुढच्या सेकंदाचं चालवत असता.

आता कोब्रा. पहिल्यांदा बसाल तेव्हा म्हणाल हा काय ताप आहे. थर्ड गिअरमध्ये, सरळ रस्त्यावर, पाय जरा जोरात पडला तरी मागचं सुटतं. ७ लिटरचं इंजिन, टॉर्क खालपासून वरपर्यंत कायम हजर, आणि टायर त्या काळातले, त्यांना पकड म्हणजे काय हे ऐकून माहिती. ब्रेक जोरात मारला की पुढची चाकं लॉक, घाईत सेकंड टाकला आणि रेव्ह मॅच (इंजिनाचे आरपीएम खालच्या गिअरला जुळवणं) केलं नाही तर मागची लॉक. तीन-चार लॅप स्लाइड करत बसलात की मागचे टायर इतके तापतात की पुढे गाडी नुसती पोहते, टायर ॲपमध्ये रंग बघून ठेवा, तापले की एक लॅप शांतपणे काढा. हा कोब्राचा खरा त्रास, आणि तो मी लपवत नाही. यलोबर्ड याबाबतीत कितीतरी समजूतदार आहे.

पण त्याच ड्रुइड्सला कोब्रा घेऊन जा. एपेक्सला थ्रॉटल दाबला, तिथल्या तिथे मागचं सरकलं. जेवढा पाय जास्त तेवढं सरकणं जास्त, पाय कमी केला की तिथल्या तिथे कमी. मधे कोणी मध्यस्थ नाही. इंजिन पुढे असल्यामुळे गाडी सुटते ती पण सावकाश, तुम्हाला काउंटर स्टिअर करायला जागा देऊन, निदान थर्डमध्ये तरी. थोड्या वेळात पायाला आपोआप मोजमाप येतं, एवढं दाबलं की एवढं आडवं. हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही, या गाडीने शिकवलं.

कोब्राची एकच खरी खोड आहे जिच्यावर मेहनत घ्यावी लागते, ती म्हणजे उलटा फटका. गाडी उजवीकडे सरकली, तुम्ही घाबरून थ्रॉटल पूर्ण सोडला, टायरना एकदम पकड मिळाली, पण तुमचं स्टिअरिंग अजून काउंटरमध्येच, की गाडी दुसऱ्या बाजूला असा झोका घेते की पहिला स्लाइड बरा म्हणायची वेळ येते. यावर उपाय दोन गोष्टींचा. थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, अर्ध्यावर आणायचा, म्हणजे पकड हळूहळू परत येते. आणि स्टिअरिंग सरळ करायची सुरुवात गाडी सरळ व्हायच्या आधी करायची. गेमिंग व्हील असेल तर घट्ट धरू नका, हातातून सरकू द्या, फोर्स फीडबॅक स्वतःच बरंचसं काउंटर करून देतो. माझ्याकडे स्वस्तातलं गिअरवालं व्हील आहे, डायनिंग टेबलाला क्लॅम्प केलेलं, ते अशा वेळी इतकं खडखडतं की रात्री अकरानंतर आमच्याकडे कोब्राला बंदी आहे, पण हातात निरोप पोहोचतो. यलोबर्डमध्ये थ्रॉटल दिला की नाक हलकं होतं आणि व्हीलचं वजनच जातं, त्या खडखडाटात तो बारीक निरोप मला तरी लागत नाही. महागडं डायरेक्ट ड्राइव्ह व्हील असणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल, त्यांनी माझं ऐकू नये.

गेमपॅडवर खेळणाऱ्यांचं काय? जमतं, दोन्ही जमतात. स्टिअरिंग फिल्टर फार वर ठेवू नका, गाडी गुळगुळीत वाटते पण काउंटर पोहोचेपर्यंत उशीर होतो. पॅडवर कोब्राचा ट्रिगर अर्ध्याच्या पुढे न्यायचाच नाही असं ठरवून सुरुवात करा. स्टॅबिलिटी कंट्रोलचा स्लायडर दोन्ही गाड्यांना शून्यावर ठेवा, कारण तो चालू असला की गाडी जे सांगतेय ते तो मधल्या मधे खातो आणि बंद केल्यावर सगळं पहिल्यापासून. सेटअपमध्ये फार डोकं घालू नका, या रोड कार आहेत, टायर प्रेशर बघितलं की बास, बाकीचा वेळ ट्रॅकवर घालवलेला बरा.

ज्यांना लॅप टाइम हवाय, ज्यांचा पाय आधीच स्थिर आहे, किंवा ज्यांचं त्या पिवळ्या गाडीवर लहानपणापासून प्रेम आहे त्यांनी यलोबर्ड घ्यावी, मी कोण अडवणारा. नॉर्डश्लाइफ, म्हणजे तो ड्रीम पॅक या ॲड-ऑनमधला २०.८ किमीचा ट्रॅक, तिच्यासाठीच बांधलाय असं वाटतं, कोब्रा तिथे लांब सरळ रस्त्यांवर बिचारी दमते. पण टर्बो नसलेली, लगेच बोलणारी गाडी आधी आणि टर्बोवाली नंतर, हा क्रम उलटा केलेले आमच्या ग्रुपमधले बरेच जण शेवटी परत जीटी३ वर गेलेले मी बघितलेत, कोब्रापासून सुरुवात केलेले मात्र अजून आडवे जातायत.

तर कोब्रा घेतलीत तर सुरुवात अशी करा. ब्रँड्स हॅच इंडी, प्रॅक्टिस, एकटे. पूर्ण लॅप थर्ड गिअरमध्येच, ड्रुइड्सला पण, गाडी गुदमरल्यासारखी वाटेल, वाटू दे. लॅप टाइमचं ॲप बंद करून टाका. मागचं कुठेही न सुटता सलग लॅप जायला लागले की मग फक्त ड्रुइड्सला सेकंड टाका, बाकी सगळीकडे थर्डच. लॅपच्या शेवटाकडच्या क्लिअरवेज वळणाला सेकंडचा मोह होईल, तो मात्र सगळ्यात शेवटी.