समुद्रावरची जुनी डिझेल बोट गोसीखुर्दच्या पाण्यात : वापरानंतरचा अनुभव

कोकण किनाऱ्यावर चाललेली केबिनची डिझेल बोट वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालेल का, असं पवनी-कुहीकडचे बरेच जण विचारतात. चालते, आणि चांगली चालते. थंडीच्या सुरुवातीला आणली, आता मृग तोंडावर आहे. बोट २६ फुटी, फायबरची. आत साधारण ३० अश्वशक्तीचं एकच इंजिन, मागे शाफ्ट आणि पितळी पंखा. क्रेन आणि ट्रकचा खर्च मात्र बोटीच्या किमतीच्या पाव हिश्श्याएवढा आला. तो आधीच धरून भाव करा.

वेगासाठी ही बोट घेऊ नका. अशा जड बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. आमची ताशी १२ किलोमीटरपर्यंत जाते. त्यापुढे रेस दिली की लाट मोठी होते, धूर काळा येतो आणि डिझेल जळतं. आठ-नऊच्या चालीने तासाला दोन-अडीच लिटर लागतं. या चालीने आंभोऱ्याच्या संगमाकडे जाताना घरची म्हातारी माणसं केबिनच्या सावलीत निवांत बसतात, आणि माझ्यासाठी बोटीचं खरं मोल तेच आहे.

घेताना बहुतेक लोक रंग आणि इंजिनाचे तास बघतात. मी म्हणेन, आधी पाण्याची बाजू बघा. समुद्रातल्या इंजिनात खारं पाणी इंजिन थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून फिरतं, तिथे क्षार बसतात. कोकणातल्या गारव्यात ते खपून जातं. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात इंजिनाच्या तापमानाचा काटा लगेच वर चढतो. आम्ही नळ्या उघडून साफ केल्यावरच सौदा केला. विकणाऱ्याला सांगा, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन कसं उठतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, ते पाहा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा जातच नसेल तर कच्चं डिझेल किंवा आत पाणी. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा. मग पाण्यात नेऊन पूर्ण रेस द्या; इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल तर पंखा, तळ किंवा इंजिन यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. फायबरच्या तळावर लहान हातोडी वाजवत जा, आवाज बद्द आला तिथे थर सुटलेला असू शकतो.

गोड्या पाण्यात आल्यावर तळाचे जस्ताचे ठोकळे बदलावे लागले. ते समुद्रात स्वतः झिजून पंखा-शाफ्ट वाचवतात. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर धरतो आणि ते निकामी होतात. इथे मॅग्नेशियमचे लागतात. शिवाय गोडं पाणी हलकं, त्यामुळे बोट थोडी खोल बसते.

सगळ्यात जास्त त्रास इकॉर्नियाचा, म्हणजे जलपर्णीचा. नाग नदीची घाण कन्हानमार्गे इथे उतरते, त्यावर ही वनस्पती माजते. इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी ज्या गाळणीतून आत येतं, तिच्यात हिची मुळं अडकली की पाणी बंद, आणि पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरून काही मिनिटांत जळतो. हे पाणी शेवटी धुराच्या नळीतून बाहेर पडतं; ते पडतंय ना, हे सुकाणूवरच्या माणसाने सतत बघायचं. एकदा ते पडायचं थांबलं. इंजिन ताबडतोब बंद केलं, पाणी आत घेणारा वॉल्व्ह बंद केला, गाळणी उपसली. मूठभर मुळं निघाली.

दुसरा धोका खालच्या झाडांचा. धरणात बुडालेल्या शिवारातली खोडं अजून उभी आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती वर येतात. पहिल्याच आठवड्यात मासेमारी करणाऱ्या एका ढिवर काकाजींनी डोंग्यातून हात केला, "भाऊ, इकडून नोको नेऊ, खाल्ती झाडं उभे आहेत." तेव्हापासून नवीन बाजूला जायचं तर आधी त्यांना विचारतो. जाळ्यांपासूनही लांब राहतो. नायलॉनचं जाळं शाफ्टवर गुंडाळलं की ग्लँड, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं बूच, खराब होते, हे आपलं नुकसान. पण ते जाळं म्हणजे कुणाच्या तरी घरची चूल आहे. रात्री बोट चालवायची नाही, हा नियम मी त्यासाठीच केला.

ग्लँडमधून चालताना मिनिटाला दोन-चार थेंब पडतात, ते पडायलाच हवेत. उभ्या बोटीत धार लागली तर पॅकिंग आवळा. थंडीत इकडे दिवस-रात्रीच्या तापमानात बराच फरक पडतो. अर्ध्या टाकीत दव धरून डिझेलमध्ये पाणी उतरतं. म्हणून टाकी भरलेली ठेवायची आणि फिल्टरच्या तळाचं पाणी नेमाने काढायचं.

कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानंतर इंजिनवाल्या बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा या गोष्टी बाजूला ठेवता येत नाहीत. जुन्या मालकाच्या नावावरचा कागद आणि इंजिनावरचा नंबर जुळायला हवा.

सुटे भाग भंडाऱ्यात मिळत नाहीत. दोन इम्पेलर, बेल्ट, फिल्टर आणि ग्लँडचं पॅकिंग बोट ट्रकवर चढायच्या आधीच तिकडून विकत घ्या. डिझेलवाला कोणताही ट्रॅक्टर मिस्त्री इंजिन उघडू शकतो. आमचं त्यानेच सांभाळलं आहे.