मुलाचं तोंड वाकडं झालंय: स्टेरॉईड द्यायचं की वाट पाहायची?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळून लेकीच्या फ्रॉकवर आलं. मी रागावले, तशी ती हसली आणि हसू सगळं उजवीकडेच गेलं. डावा डोळा सहज मिटत नव्हता. ती सात वर्षांची होती. सासूबाई म्हणाल्या, बसच्या खिडकीत बसून आली, वारं लागलं. शेजारच्या काकू 'लकवा' म्हणाल्या आणि माझे हातपाय गळाले.

दोन दिवसांत दोन डॉक्टरांची दोन मतं मिळाली. एक म्हणाले, स्टेरॉईड आजच सुरू करा. दुसऱ्या म्हणाल्या, डोळा सांभाळा, बाकी आपोआप येईल. तुमच्याही हातात आत्ता अशीच दोन मतं असतील.

पण त्याआधी हे नक्की काय आहे ते ठरायला हवं. मुलाला भुवया वर करायला सांगा. वाकड्या बाजूच्या कपाळावर आठी पडतच नसेल, तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या नसेत आहे. कपाळ नीट हलतंय आणि फक्त तोंड ओघळलंय, तर दोष मेंदूत असू शकतो, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. मग तुलना बिलना सोडा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळणं, तोल जाणं, असह्य डोकेदुखी, यातलं काही सोबत असेल तरीही तेच.

नसेचा बिघाड असला तरी कारणं बरीच असतात. कानात पू झाला असेल किंवा कानामागचं हाड सुजलं असेल, तर अँटिबायोटिक लागतं, कधी कानाचं ऑपरेशनही. कानात पाणीदार फोड आले असतील तर ती कानाची नागीण, तिला विषाणूविरोधी औषध हवं. अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी गोचिडीतून होणारा लाइम आजार आधी तपासून घ्यावा. दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या तर विचार वेगळाच करावा लागतो. यातलं काहीच सापडलं नाही, की उरतं त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस सुजते आणि तिथेच आवळली जाते.

दोन तपासण्यांसाठी मात्र मी हट्ट धरायला सांगेन. पहिली बीपी. लहान मुलांत फार वाढलेलं बीपी कधी कधी पहिल्यांदा अशा वाकड्या तोंडातूनच कळतं. आम्ही आधी गेलो त्या दवाखान्यात ते कुणी मोजलंच नाही, नुसती चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी मुलांच्या मापाचा छोटा पट्टा काढून मोजलं. दुसरी तपासणी रक्ताची, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. क्वचित रक्ताचा कर्करोगही असा सुरू होतो, आणि आधीच स्टेरॉईड दिलं तर तो काही काळ झाकला जातो. मूल फिकट दिसत असेल, अंगावर काळेनिळे डाग असतील, गाठी लागत असतील, तर या अहवालाशिवाय गोळी सुरू करू नका.

आता मूळ प्रश्न. मोठ्या माणसांत उत्तर सरळ आहे: 72 तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड द्यावं, फायदा ठळक दिसतो. मुलांसाठी तीच खात्री गृहीत धरली जायची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 187 मुलांवर झालेली चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दहा दिवस प्रेडनिसोलोन, निम्म्यांना औषध नसलेलं द्रव्य. महिन्याने पूर्ण बरी झालेली मुलं: औषधाच्या गटात 49 टक्के, दुसऱ्या गटात 57. तीन महिन्यांनी 90 आणि 85. सहा महिन्यांनी 99 आणि 93. मुलं ठरवली होती त्यापेक्षा कमी मिळाली, त्यामुळे शेवटच्या आकड्यांतला थोडा फरक खरा की योगायोग, हे त्यातून ठरत नाही. पण औषध न घेतलेल्या शंभरातली त्र्याण्णव मुलं सहा महिन्यांत पूर्ण बरी झाली, हा आकडा मी तेव्हा पाचसहा वेळा वाचला होता.

दहा दिवसांच्या स्टेरॉईडने बहुतेक मुलांना मोठा अपाय होत नाही. औषध कडू असतं, भूक वाढते, चिडचिड होते, झोप उडते. घरात किंवा वर्गात कांजिण्या सुरू असतील तर मात्र डॉक्टरांना ते आधी सांगा, स्टेरॉईडवर कांजिण्या बळावू शकतात.

माझं मत विचाराल तर: डोळा अजिबात मिटत नाही, चेहरा पूर्ण लुळा आहे, तीन दिवस उलटलेले नाहीत आणि तपासण्या स्वच्छ आहेत, तर मी औषध देईन. आमच्या लेकीचा डोळा जोर लावून मिटत होता, म्हणून आम्ही थांबलो. एकोणिसाव्या दिवशी साबणाचे फुगे उडवताना तिच्या ओठाचा डावा कोपरा किंचित हलला.

'करंट', म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देण्याबद्दल खूप जण सुचवतील. त्याने बरं व्हायला मदत होते असा भक्कम पुरावा नाही, आणि मूल घाबरतं ते वेगळंच. आरशासमोर हळू हळू हसणं, फुंकर मारणं पुरतं. लसणाचा लेप, गरम शेक नको. कातडी भाजते.

डोळ्याच्या बाबतीत मात्र दोन मतं नाहीत. औषध द्या वा न द्या, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि वरून कागदी मेडिकल टेप. टेप लावण्याआधी पापणी बोटाने पूर्ण मिटली आहे ना ते पाहा. अर्धवट उघड्या डोळ्यावर टेप घासला तर बुबुळाला जखम होते. डोळा लाल झाला, दुखू लागला की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात हसण्याचा आणि डोळे मिटण्याचा छोटा व्हिडिओ काढत जा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, व्हिडिओत कळतो. तीन आठवड्यांनंतरही काहीच हललं नाही, किंवा वाकडेपणा वाढतच चाललाय असं दिसलं, तर तोच व्हिडिओ घेऊन मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि एमआरआयचं विचारा.