चुंबकी ‘शाबासकी फळा’: ऑटिस्टिक किशोरवयीन मुलासाठी घ्यावा का?

पांढरा फळा, त्यावर सात वारांचे रकाने, कामांच्या छापील चित्रपट्ट्या, चांदण्या आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चुंबकं, एक-दोन मार्कर आणि मागे चिकटपट्ट्या. वेगवेगळ्या नावांनी विकला जाणारा हा संच थोड्याफार फरकाने असाच असतो. तो बनवलेला असतो लहान मुलांसाठी. तरी ऑटिस्टिक मूल असलेल्या घरांत ते तेरा-चौदा वर्षांचं झाल्यावरही तो घेतला जातो, आणि त्याला कारण आहे. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, फळ्यावरचं तिथेच राहतं. काय झालं, काय उरलं हे कोणाला न विचारता बघता येतं.

निकाल आधीच सांगतो. फळा कामाचा आहे, पण त्याच्यासोबत येणारी बक्षिसाची पद्धत (काम झालं की चांदणी, नाही झालं की रडका चेहरा, चांदण्या साठल्या की बक्षीस) या वयाला उपयोगाची नाही. पाचपैकी तीन गुण, आणि तेही खोक्यातलं अर्धं सामान बाजूला काढल्यावर.

आधी वस्तूबद्दल. हे फळे दोन प्रकारचे येतात. एकात आत लोखंडी पत्रा असतो, दुसरा म्हणजे गुंडाळता येणारी चुंबकी शीट. गुंडाळीचा स्वस्त आणि हलका, पण या कामाला तो टाळाच. अशा शीटमध्ये चुंबकाचे ध्रुव पट्ट्यापट्ट्यांनी असतात आणि बहुतेक जोर मागच्या बाजूला असतो. त्यामुळे पुढून लावलेली चांदणी एक तर घसरते, नाहीतर आपली जागा सोडून शेजारच्या पट्टीवर सरकते आणि तिरकी बसते. इतरांना याचं काही वाटणार नाही. पण ज्याला सगळं एका रेषेत लागतं, तो मुलगा काम सोडून अर्धा तास चांदण्याच सरळ करत बसेल, आणि त्या सरळ होणार नाहीत. शिवाय ही शीट फ्रिजवर लावा असं सांगतात, पण स्टेनलेस स्टीलच्या कित्येक दारांना चुंबक धरतच नाही. म्हणून पत्र्याचा फळा घ्या. आकार निदान ए-३, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. ए-४ वर दहा पायऱ्या लिहिल्या तर अक्षर इतकं बारीक होतं की दोन पावलं मागून वाचता येत नाही.

चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटची तिरीप येते. खिडकी किंवा दिव्याच्या समोर न टांगता त्यांच्याशी काटकोनातल्या भिंतीवर लावा. चिकटपट्ट्या भुसभुशीत रंगाच्या भिंतीवर टिकत नाहीत, रंगाचा पोपडा घेऊन फळा रात्री-बेरात्री धाडकन खाली येतो. आवाजाने दचकणाऱ्या मुलाच्या खोलीत असं एकदा झालं की तो फळ्याकडे बघायलाही तयार होत नाही. दोन स्क्रू मारा आणि मोकळे व्हा.

मार्कर बहुधा निकृष्ट असतो. कोरडा पडत आलेला मार्कर गुळगुळीत पृष्ठभागावर किंचाळतो, आणि काहींना त्याच्या द्रावकाचा वास असह्य होतो. कमी वासाचा, जाड टोकाचा मार्कर वेगळा आणा. लिहिलेलं अनेक आठवडे तसंच राहिलं तर पुसूनही डाग राहतो. त्यावर ताज्या मार्करने पुन्हा गिरवून लगेच पुसलं की जुनी शाईही निघते. काय लिहायचं ते छापून, मॅट लॅमिनेट करून चुंबकी पट्टीवर चिकटवलं तर मार्करची गरजच उरत नाही. लॅमिनेशन चकचकीत करू नका, नाहीतर तिरिपीचा प्रश्न पुन्हा येतो.

एका बाबतीत तडजोड नको. काही संचांत चांदणीच्या मागे छोटी, फार शक्तिशाली गोल चुंबकं असतात. तोंडात वस्तू घालण्याची सवय असलेलं मूल घरात असेल, मग ते ऑटिस्टिक असो वा धाकटं भावंड, तर ही चुंबकं घरातच नकोत. दोन गिळली गेली तर आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून ती एकमेकांना खेचतात आणि मधली आतड्याची भिंत चिमटून तिला भोक पडू शकतं. असं झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. लवचीक रबरी चुंबक त्या मानाने बरं, पण चावणाऱ्या मुलाच्या हाती त्याचेही तुकडे पडतात.

आता खोक्यातून काय काढून टाकायचं. पहिले रडके चेहरे. मिळालेली चांदणी परत काढून घेणं किंवा रडका चेहरा लावणं यातून मूल एवढंच शिकतं की हा फळा कधीही उलटू शकतो. मग त्याच्या जवळ जायलाच नको. दुसऱ्या त्या चित्रपट्ट्या. बाहुलीसारखी मुलं खेळणी आवरताहेत, हे चित्र पंधरा वर्षांच्या मुलासमोर लावणं म्हणजे त्याचा अपमान. त्याला बोलता येत नसलं तरी त्याचं वय पंधराच असतं. तिसरे सात वारांचे रकाने, आणि सगळ्यात जास्त घोटाळा त्यांनीच होतो. वारांची रांग म्हणजे न तुटणाऱ्या साखळीचं दडपण. बुधवारी ताप आला आणि एक चौकोन रिकामा राहिला, तर आधीचे सगळे भरलेले चौकोन काही मुलांच्या लेखी बाद होतात. चिडचिड, फळा ओढून काढणं, ‘आता करणारच नाही’ हे सगळं तिथून सुरू होतं. फळा उलटा करा, मागची बाजू कोरी आणि लोखंडी असेल तर उत्तम. नसेल तर वारांवर पांढरा कागद चिकटवा.

कोऱ्या फळ्यावर मधोमध एक उभी रेघ. डावीकडे ‘शिकतोय’, उजवीकडे ‘येतं’. डाव्या बाजूला एका वेळी एकच काम, त्याच्या पायऱ्या पाडून, प्रत्येक पायरी वेगळ्या चुंबकी पट्टीवर.

ट्रिमरने दाढी करणं हे उदाहरण घेऊ. ‘दाढी नीट कर’ ही पायरी नव्हे. पायऱ्या अशा: ट्रिमर चार्जरवरून काढ, ३ मिलिमीटरचा गार्ड ‘टक’ आवाज येईपर्यंत दाब, आरशासमोर उभा राहा आणि बटण चालू कर, उजवा गाल (खालून वर, पाच वेळा), डावा गाल (पाच वेळा), हनुवटी, गळा, ओठांच्या वरचा भाग, बटण बंद, गार्ड काढून ब्रशने केस झाड, ट्रिमर परत चार्जरवर. एकूण अकरा. ‘पाच वेळा’ हे लिहावंच लागतं, कारण कधी थांबायचं ते लिहिलं नसेल तर एक मुलगा एका फटक्यात थांबतो आणि दुसरा गाल लाल होईपर्यंत थांबत नाही. गाडी बहुधा ओठांच्या वरच्या भागाशी अडते. तिथे कंप आणि गुदगुल्या सर्वांत जास्त, म्हणून ती पायरी गालांच्या नंतर ठेवायची आणि त्याआधी चालू ट्रिमरची मागची बाजू तळहातावर, मग गालावर टेकवून कंपाची ओळख करून द्यायची. चार्ज उतरलेला ट्रिमर केस कापण्याऐवजी ओढतो. एकदा ओढला की पुढचे कित्येक दिवस नकार ठरलेला. पहिली पायरी चार्जरची का, ते यावरून कळेल.

शिकवायचं शेवटाकडून. पहिल्या दहा पायऱ्या मोठ्या माणसाने करायच्या, अकरावी मुलाने. ती जमली की दहावी आणि अकरावी त्याची. असं केल्याने प्रत्येक खेपेला काम पूर्ण होतं आणि ते पूर्ण करणारा तो असतो. पाळीत पॅड बदलणं, दप्तर भरणं, केस धुणं यांनाही हाच क्रम चालतो. बसने एकट्याने जाण्यासारख्या कामांत मात्र उलटं-सुलटं न करता सगळ्या पायऱ्या सोबतीने करून सोबत हळूहळू कमी करणं सोयीचं.

मदत करताना तोंड बंद ठेवा. बोलून दिलेली आठवण सर्वांत सोपी आणि नंतर काढून घ्यायला सर्वांत अवघड, कारण मूल पुढच्या पायरीऐवजी तुमच्या आवाजाची वाट बघायला लागतं. मागे उभं राहून फळ्यावरच्या ओळीकडे बोट दाखवा आणि मनात दहा आकडे मोजा. बहुतेक पालक तीनवरच बोलून मोकळे होतात.

चांदणी पायरी जमल्याच्या क्षणी लागली पाहिजे, रात्री जेवताना हिशेब करून नाही. ती कशासाठी, हे चार शब्दांत सांगायचं: ‘गार्ड तूच लावलास.’ नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं तर नेमकं काय बरोबर आलं ते कळायला मार्ग नाही. एखादी पायरी वेगवेगळ्या दिवशी, घरातल्या दोन वेगळ्या माणसांसमोर, मदतीशिवाय जमली की तिची पट्टी उजवीकडे ‘येतं’मध्ये न्यायची आणि तिच्यावर पुन्हा चांदणी द्यायची नाही. पट्टी मुलानेच उचलून लावायची. दुसऱ्याच्या घरच्या न्हाणीघरात तेच काम अडलं तर ती पट्टी परत डावीकडे आणू नका. जागा बदलली की काम नवंच असतं, त्यासाठी वेगळी पट्टी करा.

चांदण्या साठवून त्यांच्या बदल्यात काही द्यायचं का? नावडत्या कामानंतर आवडतं काम ठेवलं तर नावडतं पार पडतं, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅकने १९५९ मध्ये मांडलं आणि ते अजून टिकून आहे. पण त्याला दोन मर्यादा आहेत. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३च्या प्रयोगात ज्या मुलांना मुळात चित्रं काढायला आवडायचं, त्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर ती आपणहून कमी वेळ चित्रं काढू लागली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांत तशी घट दिसली नाही. तेव्हा मूल आपल्या आवडीने जे करतं ते फळ्यावर आणूच नका. दुसरं, त्याचा जीव ज्यात रमतो ती गोष्ट, मग ते रेल्वेचं वेळापत्रक असो की पंखे, कुलपात ठेवून चांदण्यांच्या बदल्यात थोडी थोडी देऊ नका. त्याच गोष्टीने तो दिवसभराचा ताण उतरवत असतो. या वयाला फळा म्हणजे नोंद असली तर चालते, लाच झाली की चालत नाही.

फळा कुठे टांगायचा यावरही बरंच अवलंबून आहे. ‘अंतर्वस्त्र रोज बदलणं’ हे बैठकीच्या खोलीत पाहुण्यांनी वाचावं असं कुठल्याही किशोरवयीन मुलाला वाटणार नाही. मुलाच्या कपाटाच्या दाराची आतली बाजू सर्वांत चांगली. लोखंडी कपाट असेल तर फळाही नको, नुसत्या चुंबकी पट्ट्या पुरतात. कोणी बघायचं हे त्याने ठरवायचं.

संचात कौतुकाबद्दल चकार शब्द नसतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. पायरी जमली की घरातले सगळे टाळ्या वाजवतात, आजी मिठी मारते, कोणीतरी फोटो काढून नातेवाइकांना पाठवतं, आणि मुलगा कानांवर हात ठेवून खोलीत निघून जातो. मग ‘याला कशाचा आनंदच नाही’ असं म्हटलं जातं. आनंद असतो. तो हात फडफडवण्यात, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्यात, कधी नुसतं येरझाऱ्या घालण्यात दिसतो. फळ्याच्या खाली तीन पट्ट्या कायम ठेवा: ‘कोणाला सांगू नका’, ‘फक्त घरात सांगा’, ‘सगळ्यांना सांगा’. त्यातली एक तो वर लावेल, तेवढंच कौतुक करायचं. काहीच लावली नाही तर पहिली धरायची. फोटोलाही तोच नियम.

मोठं काही साजरं करायचं असेल, म्हणजे परीक्षा, स्पर्धा, पहिला एकट्याने केलेला प्रवास, तर त्याच संध्याकाळी करू नका. असा दिवस त्याने सगळी ताकद लावून काढलेला असतो आणि घरी आल्यावर त्याचा बांध फुटतो. एक-दोन दिवस जाऊ द्या. कोण येणार, किती वाजता संपणार, कंटाळा आल्यावर कुठल्या खोलीत जायचं, हे आधी फळ्यावर लिहा आणि ठरल्या वेळी खरंच संपवा. ‘सरप्राइज’ नको.

भावंडांसाठी दुसरा फळा टांगू नका, शेजारी शेजारी दोन फळे म्हणजे शर्यत झाली. पण धाकट्या बहिणीने वर्गात नंबर काढला तर तिच्या कौतुकाला तिचा वेगळा वेळ द्या. दादाने एकट्याने केस धुतले त्याच जेवणात दोन्ही एकत्र उरकलं तर दोघांपैकी एकाचं राहून जातं, आणि ते बहुधा तिचं असतं.

हा फळा कोणी घेऊ नये? ज्याला लिहिता-वाचता येतं, मोबाइल सहज वापरता येतो आणि असा फळा ‘लहान मुलांचा’ वाटतो, त्याला वहीतली यादी किंवा मोबाइलमधली टिकमार्कची यादी बरी. आकड्यांत रमणाऱ्याला चांदण्यांपेक्षा तक्ता आवडतो: तारीख, पायरी, किती सेकंद लागले. तो त्याला स्वतःला भरू द्या. बक्षिसाच्या तक्त्याने शाळेत पूर्वी जाच झालेला असेल, तर फळा कितीही बदलून लावला तरी दिसताक्षणी ताण येतो. तिथे पैसे घालवू नका.

आणि एखाद्या दिवशी त्यानेच फळा उतरवून कपाटामागे ठेवला तर परत लावायचा नाही. ‘येतं’च्या रकान्याचा मात्र तेव्हाच फोटो काढून ठेवा. नवी शाळा, नवे शिक्षक किंवा नवे थेरपिस्ट आले की ‘याला काय काय येतं?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. त्या फोटोतल्या पायऱ्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या की शिकवणं तिथून पुढे सुरू होतं, पहिल्या पायरीपासून नाही. मात्र दाखवण्याआधी त्याला विचारा.