टेक्सासमधले प्रॉपर्टी टॅक्स एजंट: टक्केवारी कोणी द्यावी, कोणी देऊ नये

एप्रिलच्या आसपास काउंटीच्या अप्रेजल डिस्ट्रिक्टची, म्हणजे करासाठी घरांचं मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयाची, नोटिस घरी येते आणि तिच्या मागोमाग एजंट कंपन्यांची पत्रं: ‘मूल्यांकन कमी करून देतो, कमी झालं नाही तर फी नाही.’ ह्यूस्टन, ऑस्टिन, फ्रिस्को, प्लेनोच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर मग ‘कोणता एजंट चांगला?’ ही विचारणा सुरू होते. त्याआधी एजंट हवाच का, हे बघायला हवं. त्यासाठी नोटिशीवरचे दोनच आकडे पुरतात.

सेवा अशी असते. तुम्ही ५०-१६२ क्रमांकाच्या फॉर्मवर सही करून एजंट नेमता. तो तुमच्या नावाने प्रोटेस्ट, म्हणजे मूल्यांकनावर हरकत, दाखल करतो, अप्रेजल डिस्ट्रिक्टशी तडजोडीचं बोलतो आणि गरज पडली तर अप्रेजल रिव्ह्यू बोर्डासमोर (हरकती ऐकणाऱ्या मंडळासमोर) उभा राहतो. त्या वर्षी वाचलेल्या कराच्या साधारण २५ ते ५० टक्के ही त्याची फी. प्रोटेस्ट दाखल करायला मात्र सरकारी शुल्क काहीच नाही. फॉर्म ५०-१३२ भरा किंवा ऑनलाइन करा, मुदत १५ मे किंवा नोटिस पाठवल्यापासून ३० दिवस, यांतली जी नंतरची ती.

आता ते दोन आकडे: मार्केट व्हॅल्यू, म्हणजे बाजारभाव, आणि अप्रेज्ड व्हॅल्यू, म्हणजे कर लावायची किंमत. राहत्या घराला होमस्टेड (मालक स्वतः राहतो त्या घराची करसवलत) लागू असेल, तर कर लावायची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे बाजारभाव ६ लाख डॉलर आणि अप्रेज्ड ५ लाख २० हजार, असं चित्र जुन्या घरांच्या नोटिशीत सर्रास दिसतं. एजंटाने बाजारभाव ५ लाख ६० हजारांवर आणला, तरी तुमचा कर ५ लाख २० हजारांवरच बसणार, म्हणजे बचत शून्य. आणि पुढच्या वर्षीचे १० टक्केही याच ५ लाख २० हजारांवर मोजले जातात. पण करारात ‘मार्केट व्हॅल्यूतली घट गुणिले कराचा दर’ असं लिहिलेलं असेल, तर ४० हजारांच्या घटीवर २.२ टक्क्यांनी ८८० डॉलर ‘वाचले’ असं दाखवून त्यावर ३० टक्के, म्हणजे २६४ डॉलरचं बिल येऊ शकतं. चांगल्या कंपन्या प्रत्यक्ष वाचलेल्या करावरच फी लावतात. सही करण्याआधी तेवढं एक कलम नीट वाचा. बाकीचं माहितीपत्रक रद्दीत टाकलं तरी चालेल.

याउलट, नुकतंच घर घेतलेल्यांनी प्रोटेस्ट मुळीच चुकवू नये. होमस्टेड पहिल्यांदा मिळतं त्या वर्षाला ही १० टक्क्यांची मर्यादा लागत नाही, ती पुढच्या १ जानेवारीपासून लागते. पहिल्या वर्षी जो आकडा ठरेल, त्यावरच पुढची वाढ मोजली जाते. तिथे २०-२५ हजारांची घट मिळाली, तर तिचा फायदा पुढेही काही वर्षं मिळू शकतो. एजंटाने हे काम केलं, तरी फी त्या एका वर्षाचीच द्यावी लागते. पण अशा घराला एजंट लागतो कशाला? आदल्या वर्षी घर मूल्यांकनापेक्षा कमी किमतीत घेतलं असेल, तर क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्याचा, कागद हाच सगळ्यात वजनदार पुरावा. टेक्सासात विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करायची सक्ती नाही, त्यामुळे तो कागद बहुधा तुमच्याकडेच असतो.

कामाच्या दर्जाबद्दल. मोठ्या एजंट कंपन्यांकडे खाती हजारोंनी असतात आणि तडजोडी गठ्ठ्याने होतात. तुमच्या फाउंडेशनला गेलेला तडा किंवा पाठीमागचा हायवे त्यांच्या संगणकाला दिसत नाही. तुम्ही फोटो आणि दुरुस्तीचं लेखी कोटेशन पाठवलं नाही, तर तो मुद्दा निघतच नाही. दुसरं, एजंटाने अप्रेजल डिस्ट्रिक्टशी केलेली तडजोड कायद्याने अंतिम असते. ५ हजारांच्या घटीवर समाधान मानून तो मोकळा झाला, तर तुम्हाला पुढे जाता येत नाही. तिसरं थोडं गमतीचं आहे: एजंट न नेमलेल्या मालकाला सुनावणी एकदा कारण न देता पुढे ढकलून घेता येते. एजंट नेमलात की ती सोय गेली.

स्वतः करायचं तर पहिलं काम डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर आपलं प्रॉपर्टी कार्ड उघडणं. राहण्याजोगं क्षेत्रफळ, बांधणीचं वर्ष, दर्जा, स्विमिंग पूल, सगळं तपासा. क्षेत्रफळातली चूक लगेच दुरुस्त होते, तिच्यावर वाद होत नाही. मग प्रोटेस्ट करताना ‘बाजारभावापेक्षा जास्त’ आणि ‘इतरांच्या तुलनेत असमान’ या दोन्ही चौकटींवर खूण करा. एकच केलीत तर दुसरा मुद्दा मांडायला अडचण येते. डिस्ट्रिक्टने जमवलेला पुरावाही त्याच वेळी मागून घ्या. तो सुनावणीच्या १४ दिवस आधी द्यावाच लागतो. दिला नाही, तर त्यांना तो वापरता येत नाही.

असमानतेसाठी त्याच सबडिव्हिजनमधली (वसाहतीतली) पाच-सहा घरं घ्या. क्षेत्रफळ तुमच्या घराच्या १०-१५ टक्क्यांच्या आत, बांधणी साधारण त्याच काळातली. नेहमीची चूक म्हणजे एकूण किमतीला क्षेत्रफळाने भागणं. लहान घराचा चौरस फुटाचा दर मुळातच जास्त असतो आणि जमिनीची किंमत वेगळी असते. जमीन बाजूला काढून फक्त इमारतीचा दर काढा, पूल किंवा जादा गॅरेजचा फरक जुळवा आणि मधला आकडा मांडा. बाजारभावासाठी ओळखीच्या रिअल्टरकडून १ जानेवारीच्या आसपासच्या विक्रीच्या नोंदी मागा. मूल्यांकन त्या तारखेचं असतं, मे महिन्यातल्या बाजाराचं नाही.

ह्यूस्टनकडच्या हॅरिस सेंट्रल अप्रेजल डिस्ट्रिक्टची ‘आयफाइल’ आणि ‘आयसेटल’ ही ऑनलाइन सोय यात खरंच उपयोगी आहे. नोटिशीवरचा क्रमांक टाकायचा, आपल्या मते किंमत किती ते लिहायचं, पुरावा जोडायचा. त्यावर देकार येतो किंवा येत नाही. पटला नाही तर नाकारा, सुनावणीचा हक्क शाबूत राहतो. फक्त आकडा पुराव्याला धरून टाका. ५ लाखांच्या घराला ३ लाख लिहिलं, तर देकाराची वाट बघू नये.

बोर्डाची सुनावणी बहुधा १५ मिनिटांत आटोपते. ‘कर परवडत नाही’ हे तिथे बोलून उपयोग नाही, कारण कराचा दर बोर्डाच्या हातात नसतो. पुराव्याच्या प्रती छापून न्या, मोबाइलवरचे फोटो दाखवून नोंद होत नाही. फोनवरून हजर राहायचं असेल, तर तशी लेखी मागणी १० दिवस आधी करून पुरावा शपथपत्रासोबत द्यावा लागतो.

एजंटाचे पैसे वसूल होतात ते भाड्याने दिलेल्या घरात. तिथे होमस्टेड नाही, त्यामुळे घट झाली की कर बहुतेक लगेच उतरतो. पुण्याला परत गेलेल्या आणि ह्यूस्टनजवळच्या केटी गावातलं घर भाड्याने ठेवलेल्या माणसाने मध्यरात्री जागून सुनावणी करण्यापेक्षा टक्केवारी दिलेली बरी. फॉर्मवर शेवटची तारीख मात्र भरा. ती रिकामी ठेवली, तर नेमणूक रद्द करेपर्यंत दरवर्षी चालू राहते आणि बिलही.

होमस्टेडचा अर्ज भरून द्यायचे पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी पत्रंही येतात. ती सरळ फाडा. फॉर्म ५०-११४ फुकट भरता येतो आणि २०२५ पासून शाळेचा कर मोजताना त्याने घराच्या किमतीतून १ लाख ४० हजार डॉलरची वजावट मिळते.

बोर्डाचा निकाल पटला नाही, तर ६० दिवसांत लवादाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या राहत्या घराला ४५० डॉलर अनामत लागते. लवादाचा आकडा बोर्डाच्या आकड्यापेक्षा तुमच्या आकड्याच्या जवळ आला, तर ५० डॉलर वजा जाऊन बाकी परत मिळतात. तोवर वादात नसलेला कर ३१ जानेवारीपर्यंत भरलेला हवा, नाहीतर दावा तिथेच संपतो.