कोर्स तासांवर चालवायचा, स्किलवर की कंपनीत पाठवून? आधी तपासणारी माणसं मोजा

व्यावसायिक कोर्सची जबाबदारी अंगावर आली की पहिल्याच मिटिंगमध्ये वाद सुरू होतो, कोर्स चालवायचा कसा. ठरलेले तास भरले की परीक्षा आणि सर्टिफिकेट, की एकेक स्किल जमलं की पुढे, की आठवड्यातले तीन-चार दिवस मुलांना कंपनीत पाठवायचं. मग जो तो आपलं आवडतं घेऊन बसतो, एक जण जर्मनी जर्मनी करतो, दुसरा म्हणतो हजेरीबिजेरी जुनी झाली आता कॉम्पिटन्सी, म्हणजे काम जमतं का तेवढंच बघा, आणि ज्याला खरंच कोर्स चालवायचाय तो बिचारा वही घेऊन गप्प बसलेला असतो. त्या वहीवाल्यासाठी हे लिहितोय. मी या गोष्टी शिकवणाऱ्यापेक्षा सांभाळणाऱ्याच्या बाजूने जास्त बघितल्यात, आणि माझं मत असं झालंय की यातलं भारी कुठलं हे नंतर बघू, आधी तुमच्याकडे काम तपासू शकणारी माणसं किती आहेत ते मोजा. शिकवणारे मिळतात हो, तपासणारे मिळत नाहीत.

तासांवर

याला सगळे नावं ठेवतात पण चालवायला सगळ्यात सोपा हाच. टाइमटेबल एकदा लागलं की कुठली बॅच कुठल्या मशीनवर, निदेशकाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, आठवड्याला किती तासिका, कच्चा माल किती, सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर येतं. सुपरव्हिजन म्हणजे हजेरीपट, लेसन प्लॅन आणि मधूनच वर्कशॉपमध्ये चक्कर. एक माणूस तीन-चार कोर्स आरामात सांभाळतो.

गंमत म्हणजे तासांचं हे माप रूढ झालं त्यात शिकण्याचा संबंध फार थोडा होता. अमेरिकेत १९०६ च्या सुमाराला कार्नेगी युनिट आलं, एका विषयाला वर्षाला १२० तास, आणि ते पसरलं त्यामागे मोठा हात होता कार्नेगी फाउंडेशनकडून प्राध्यापकांना मिळणाऱ्या पेन्शनचा, कारण कॉलेजने प्रवेशासाठी हे युनिट मानलं तरच तिथल्या प्राध्यापकांना त्या पेन्शन योजनेत जागा.

तोटा कुठे होतो ते वेल्डिंगच्या बॅचमध्ये बघा. वीस मुलं, चार बूथ म्हणजे वेल्डिंग करायच्या जागा, तीन तासांचं प्रॅक्टिकल. हिशेब केला तर एकाच्या वाट्याला वेल्डिंगची टॉर्च येते छत्तीस मिनिटं, बाकीचा वेळ तो दुसऱ्याचं बघतोय, प्लेट घासतोय किंवा मोबाइलवर आहे, पण हजेरीपटावर प्रत्येकाचे तीन तास भरले. अमेरिकेच्या १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यात ट्रेडच्या कोर्ससाठी निम्मा वेळ उपयोगी प्रत्यक्ष कामाला द्यायची अट होती, म्हणजे हा प्रॉब्लेम तेव्हाच लोकांच्या डोक्यात होता, पण ती अटसुद्धा टाइमटेबलवरचा वेळ मोजते, हातात टॉर्च असल्याचा नाही. तासांवरच जायचं ठरवलंत तर निदान हा दुसरा आकडा वेगळा लिहायला लावा. एक साधी वही बूथपाशी, कोण किती वाजता बसला किती वाजता उठला, बस.

स्किलवर

इथे पहिली पायरी मस्त आहे आणि स्वस्तही. डेकम नावाची पद्धत आहे, कॅनडात १९६० च्या दशकाच्या शेवटी तयार झाली, त्यात पाच ते बारा प्रत्यक्ष काम करणारे जाणकार कामगार एका खोलीत बसवायचे आणि दोन दिवसांत त्यांच्याकडून त्या कामातली एकेक कामगिरी भिंतीवर लावून घ्यायची. यात मास्तर लोकांना बोलायला मनाई, आणि ते बरंच आहे. कुठलंही मॉडेल घ्या, हे दोन दिवस काढाच, सिलॅबसमधला निम्मा पाला तिथेच गळून पडतो.

अडचण त्यानंतर. समजा यादीत चाळीस स्किल आली आणि बॅच पंचवीसची. चाळीस गुणिले पंचवीस म्हणजे एक हजार तपासण्या, त्याही प्रत्येक जण पहिल्याच झटक्यात पास झाला तर. एका तपासणीला पंधरा मिनिटं धरली तर अडीचशे तास झाले, आणि हे तास कुठल्याही टाइमटेबलमध्ये नसतात, निदेशकाने शिकवता शिकवता मधल्या वेळात करायचे असं सगळ्यांनी मनातल्या मनात गृहीत धरलेलं असतं. मग काय होतं ते सांगायला नको, टर्म संपायच्या आदल्या आठवड्यात बसून एका दमात टिकमार्क. मी अशी शीट बघितलीय ज्यात तेवीस मुलांना एकाच दिवशी सगळी स्किल जमली होती, त्यातला एक तर त्या दिवशी गैरहजर होता!

शिवाय मुलं वेगवेगळ्या जागी पोचलेली असतात, एक सहाव्या स्किलवर, दुसरा अठराव्या, आणि दोघांना तेच लेथ पाहिजे. परत परत प्रयत्न म्हणजे मालही परत परत, त्यामुळे बजेट आधीच पक्कं करता येत नाही, थोडा जास्तीचा माल बाजूला ठेवावाच लागतो.

इंग्लंडने १९८६ नंतर एनव्हीक्यू आणलं, म्हणजे काम करून दाखवलं की मिळणारं व्यावसायिक सर्टिफिकेट, त्यात तपासणारा, त्याच्यावर संस्थेतला पडताळणी करणारा, त्याच्यावर बाहेरचा पडताळणी करणारा अशी तीन मजली व्यवस्था होती. कागदावर सुंदर, प्रत्यक्षात फायलींचे ढीग आणि बॉक्स टिक करण्याची बदनामी. त्यात मुलं पास झाल्यावर संस्थेला पैसे असा हिशेब जोडला की मुलाला नापास करणं हा तपासणाऱ्याच्याच संस्थेचा तोटा होतो, मग कोण करेल? आणखी एक मजा बघा, इंग्लंडमध्ये अॅप्रेंटिसशिप इतक्या झटपट उरकायला लागल्या की २०१२ मध्ये किमान बारा महिन्यांची अट घालावी लागली (२०२५ मध्ये ती आठ महिन्यांवर आणली), आणि ऑस्ट्रेलियात स्किलवर आधारित सिस्टिम पक्की बसलेली असताना तिथल्या नियामकाला २०१७ मध्ये फारच छोट्या कोर्सेसवर अख्खा अहवाल काढावा लागला. पुढच्या दाराने तास बाहेर काढले की मागच्या दाराने ते परत येतातच.

ही पद्धत घ्यायचीच असेल तर पहिल्या महिन्यात एक प्रयोग करा. एकच जॉब, म्हणजे मुलाने केलेला एकच नग, दोन निदेशकांना वेगवेगळा तपासायला द्या, एकमेकांशी न बोलता. एक म्हणाला पास आणि दुसरा म्हणाला परत कर, तर आधी त्या दोघांना एका टेबलावर बसवा, मुलांचं नंतर बघू.

कंपनीत पाठवून

जर्मनीचं नाव इथेच निघतं. तिथे १९६९ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, मुलाचा करार थेट कंपनीशी होतो, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनी आणि उरलेले शाळा, कोर्स साधारण दोन ते साडेतीन वर्षांचा. परीक्षा घेतं उद्योगांचं चेंबर, आणि परीक्षक मंडळात मालकांचे लोक, कामगारांचे लोक आणि शाळेतले शिक्षक असे तिन्ही. म्हणजे ज्याने शिकवलं त्यानेच पास केलं असं होत नाही. आपल्याकडे नुसतं तीन दिवस कंपनी एवढंच उचललं जातं आणि हा परीक्षक मंडळाचा भाग गाळला जातो, खरं तर सगळं बळ त्यातच आहे.

आणि कंपनीत शिकवणाऱ्या माणसाचीही वेगळी परीक्षा असते तिकडे. २००३ मध्ये त्यांनी ती अट थांबवली, हेतू चांगला होता, जास्त कंपन्यांनी मुलं घ्यावीत. पण क्वालिटीबद्दल तक्रारी यायला लागल्या आणि २००९ मध्ये अट परत आणली. ज्या देशात ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे तिथे जर हे झालं तर आपल्या ओळखीच्या कंपनीतला सुपरवायझर आपोआप शिकवेल ही आशा जरा जास्तच आहे. स्वित्झर्लंडमध्ये कंपनी आणि शाळा याच्या जोडीला तिसरी जागाही असते, अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेले कोर्स, कारण छोटी कंपनी एकाच प्रकारचं काम करते, नुसतं ब्रेकचं काम करणाऱ्या गॅरेजात मुलगा दोन वर्षं राहिला तरी इंजिन उघडणार नाही.

यात तुमचं काम वर्कशॉपमधून उठून रस्त्यावर येतं. तीस मुलं अठरा कंपन्यांमध्ये विखुरलेली, महिन्यातून एक भेट, दिवसाला दोन-तीन भेटी होतात, म्हणजे महिन्यातले सहा ते नऊ दिवस एक माणूस फक्त फिरतीवर. हा माणूस बजेटमध्ये आहे का? नसेल तर पहिल्या तीन महिन्यांनंतर भेटींच्या जागी फोन येतो, नंतर फोनच्या जागी लॉगबुकवरची सही. आणि लॉगबुकवर काय विश्वास ठेवायचा, चार महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या पानावरूनच कळतात. भेटीत मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा घेऊ नका, मुलाला म्हणा चल, काल केलेलं काम दाखव. दाखवायला काही नसेल तर तो तिथे शिकत नाही, स्वस्तात राबतोय.

मंदी आली की नवीन मुलं घेणं कंपन्या लगेच कमी करतात, तेव्हा सगळी बॅच एकाच धंद्याच्या भरवशावर ठेवू नका, एवढं एक वाक्य त्यावर पुरे.

बिझनेसचे कोर्स वेगळे धरा

अकाउंट्स, ऑफिस, सेल्स यांना वर्कशॉपचे नियम लावले जातात आणि तिथे गडबड होते. अमेरिकेतसुद्धा १९१७ च्या कायद्याच्या पैशात हे कोर्स नव्हतेच, विक्री-वितरणाचे १९३६ ला आले आणि ऑफिसच्या कामाचे थेट १९६३ ला. कंपनीत पाठवायचं म्हणाल तर शिकाऊ मुलीला कोण आपल्या खऱ्या खात्यांना हात लावू देणार, तिच्या वाट्याला झेरॉक्स आणि कुरिअर. म्हणून इथे प्रॅक्टिस फर्म मला जास्त पटते: माल खोटा, पण ऑर्डर, बिल, बँक, टॅक्स सगळं खऱ्यासारखं, आणि व्यवहार दुसऱ्या संस्थांमधल्या अशाच फर्मशी, त्यांचं तर देशोदेशीचं नेटवर्क आहे.

शिवाय तपासणी स्वस्त पडते. महिनाअखेर बँकेशी ताळा जुळतो किंवा जुळत नाही. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज, जुळला म्हणजे सगळं बरोबर असं मात्र नाही, चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कमही जुळते, त्यामुळे दहा-बारा व्हाउचर हाताने काढून बघावी लागतात. गिऱ्हाइकाशी बोलणं हे कुठल्याही ताळ्यात सापडत नाही, त्याला समोर बसूनच बघावं लागतं.

मग घ्यायचं काय

तपासणारा एकच आणि तोच शिकवणारा, तर तासांवर चालवा, बूथची वही ठेवा, आणि शेवटची परीक्षा बाहेरच्या माणसाकडून घ्या, यात लाज वाटायचं काही कारण नाही. दोन-तीन जाणकार आहेत आणि त्यांचे तपासणीचे तास पगारात धरलेत, तर स्किलवर या, पण चाळीसच्या चाळीस नको. कंपनीचा पर्याय तेव्हाच, जेव्हा प्रत्येक कंपनी शिकवणाऱ्या माणसाचं नाव लेखी देते आणि तुमच्याकडे फिरतीचा माणूस आहे, मोठमोठ्या कंपन्यांची यादी माहितीपत्रकात छापायला छान दिसते म्हणून नको.

आणि प्रपोजल वर पाठवायच्या आधी त्या एक हजार तपासण्या कोण करणार त्याचं नाव त्यात लिहून बघा. नाव सुचत नसेल तर चाळीसची यादी बारावर आणा, तपासणी पंचाहत्तर तासांत बसते, तेवढे तास कुठूनतरी निघतात.